खालचा डावा, सहावा

दांडिया बाजारात, औषधांच्या दुकानावर,
चौदा पायऱ्या. मंजिरी मागून म्हणते, सावकाश.
खिडकीतून सूरसागरचं जरासं पाणी दिसतं
आणि खाली उसाचा चरक, घुंगरू लावलेला.

हेतलबेन माझा जबडा पडद्यावर लावते.
राखाडी. दाताच्या जागी सावलीसुद्धा नाही,
नुसता हाडाला पडलेला एक खळगा,
डोकं उचलल्यावर उशीला राहतो तसा.
"जुओ मावशी, दात गेला की हाडालाही करमत नाही.
काम नसलं की ते विरघळायला लागतं."
सहा वर्षं मी उजवीकडून जेवले,
लीलो चेवडो चमच्याने, दाणे कुटून.
हाडाचं मला कुणी बोललं नव्हतं.

तीन रस्ते आहेत, ती सांगते,
अर्धं गुजरातीत, अर्धं माझ्यासाठी मराठीत.
एक, काढता-घालता. गुलाबी हिरडीवर एकच दात,
तारेचा आकडा. रात्री काढून वाटीत, पाण्यात.
दोन, ब्रिज. शेजारचे दोन चांगले दात
घासून बारीक करायचे,
त्यांच्या खांद्यावर मधला बसवायचा.
"चांगले दात घासायचे?"
"चांगलेच लागतात. किडक्यांवर भार कसा देणार?"
तीन, इम्प्लांट. हाडात स्क्रू, टायटॅनियमचा.
तुमचं हाड कमी आहे, आधी थोडी भर घालू.
मग तीन महिने, कधी सहा, नुसतं थांबायचं.
हाडाने त्याला धरलं पाहिजे.
"आणि नाही धरलं?"
"क्वचित. मग काढून टाकतो."

ती प्लास्टिकचा जबडा माझ्या हातात देते.
स्क्रू छान बसलाय, चकचकीत,
शेजारच्यांना अजिबात न लागता.

मी एकोणीस वर्षांची होते, शालनताई गेली तेव्हा.
तेरावं उरकल्यावर मामा सुपारी कातरत म्हणाले,
जागा रिकामी ठेवली की घर खचतं.
मंजिरी तीन वर्षांची, तापाने फणफणलेली, माझ्या मांडीवर.
माझी कॉलेजची फी भरून झाली होती.
पावती अजून आहे, कपाटात, साड्यांखाली.
मला कुणी तीन रस्ते सांगितले नाहीत.

अरविंदराव वाईट नव्हते. ताटाकडे बघून जेवायचे.
वर्षभर चुकून तिच्या नावाने हाक मारायचे
आणि मग मुद्दाम मोठ्याने पाणी मागायचे.
तीन महिने, कधी सहा.
मला अकरा वर्षं लागली असतील.
की बारा. तेव्हा कुणी फोटो काढून पाहिलं नाही.

"हा दात नंतर दुखतो का? रात्री वगैरे?"
"ना रे मावशी. त्याला नस नसते."
मला होती, मी म्हणते.
हेतलबेन मास्क चढवत असते, तिला ऐकू जात नाही.
मंजिरी फॉर्मवरून मान वर करते.

"पहिला करा," मी सांगते. "वाटीतला."
"मावशी, अडतीस हजार मी देतेय ना.
आता सगळे तिसराच घेतात."
"घेऊ देत."
"अगं, पण का?"
कसं सांगू. दिवसभर दुसऱ्याच्या जागी चावून
रात्री त्याला काढून ठेवतात,
स्वच्छ पाण्यात, एकट्याला.
मी म्हणते, स्वस्त पडतो.

ती पुन्हा फॉर्मकडे वळते.
नाव. वय, चौसष्ट. मधुमेह, नाही. रक्तदाब, आहे.
पेशंटशी नातं.
इथे तिचं पेन थांबतं.
शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव शालन आहे,
तसंच राहू द्या, असं मीच सांगितलं होतं,
हेडमास्तर दोनदा विचारत होते तरी.
पंचेचाळीस वर्षं ती मला मावशी म्हणतेय.

मग ती काहीतरी लिहिते. लहानसा शब्द, तीन अक्षरं असावीत.
पण मावशी काय आणि मुलगी काय,
इतक्या लांबून सारखंच दिसतं.
चष्मा पर्समध्ये होता.
मी काढला नाही.

खाली उतरल्यावर तिने रसवाल्याला दोन बोटं दाखवली.
"एकात बर्फ नको," म्हणाली,
"हिला कळ जाते."